कोन गेलं हो ताई?

नमस्कार. हिरोशिमा दिनाच्या संध्याकाळी, ६ ऑगस्टला, आम्ही नागपूरच्या संविधान चौकात मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो, त्यावर मी इथं लिहिलं होतं. त्याखाली आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेला हे उत्तर. तुम्ही नाव दिलेलं नाही, खाली नुसतं 'एक नागपूरकर' लिहिलंय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, तुमचं म्हणणं असं: तीस माणसं, तीस मेणबत्त्या आणि साठ फोटो. यानं जगात एक तरी गोळी कमी सुटली का? मोर्चा बघायचा तर हिवाळी अधिवेशनातला बघा, गडचिरोलीहून माणसं भाकरी बांधून येतात. तुम्ही लोक पार्किंग शोधून येता. त्यापेक्षा रक्तदान केलं असतं तर कोणाचा जीव वाचला असता.

रक्तदानाचं आधी उरकते. वर्षातून दोनदा करते, त्याचा मेणबत्तीशी काही झगडा नाही. पार्किंगचं मात्र खरं आहे. वीस मिनिटं लागली.

आता तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मीच सांगते, कारण तो मला तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेपेक्षा जास्त झोंबला. पावसाची भुरभुर होती. वारा लागू नये म्हणून आम्ही चहाच्या टपरीवरून कागदी कप आणले होते, बुडाला भोक पाडून त्यात मेणबत्ती खोचलेली. मेण कपात साचायचं, कप मऊ पडायचा आणि मेणबत्ती मान टाकायची. माझी मी तिसऱ्यांदा पेटवत होते, तेवढ्यात सिग्नलला थांबलेल्या एका ऑटोवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "कोन गेलं हो ताई?"

मी म्हटलं, "कोणी नाही. हिरोशिमा."

"म्हंजे?"

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले आणि तो निघून गेला.

त्याचं काय चुकलं? आपल्याकडे चौकात मेणबत्त्या दिसल्या की कोणीतरी गेलेलं असतं. आम्हाला कोणाकडून काय हवं होतं, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. आमच्या हातात एकही फलक असा नव्हता ज्यावर मागणी लिहिलेली आहे. 'युद्ध नको, बुद्ध हवा' होतं. ते कोणाला नको असेल?

पण यावरून तुम्ही 'प्रतीकानं काही होत नाही' इथवर पोचता, तिथं मी तुमच्यासोबत येत नाही. आणि हे नागपूरच्या माणसानं म्हणावं याचं तर मला नवलच वाटतं.

१९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवा. १ मेपासून रोज काही स्वयंसेवक हातात झेंडा घेऊन शहरातून सिव्हिल लाईन्सकडे निघायचे. तिथं गोऱ्या साहेबांची वस्ती, झेंडा न्यायला बंदी. हद्दीवर पोलीस अडवायचे, पकडायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी हजर. म्हणाल तर निव्वळ प्रतीक. कापडाचा तुकडा आणि थोडासा रस्ता. पण मागणी अशी की चौथीतल्या पोराला समजावी: आम्हाला या रस्त्यानं झेंडा नेऊ द्या. ती नाकारायची तर सरकारला रोज माणसं तुरुंगात टाकावी लागत होती, आणि हजाराहून जास्त टाकलीही. वर्ध्याचे जमनालाल बजाज आत गेले. त्यांनी दंड भरला नाही म्हणून त्यांची मोटार जप्त झाली, पण ती लिलावात घ्यायला नागपुरात कोणी पुढे आलं नाही. मला या सगळ्यात ही मोटारच सर्वांत आवडते. जो माणूस झेंडा घेऊन निघाला नाही, ज्याला तुरुंग नको होता, त्यालाही करता येण्यासारखं काहीतरी त्या आंदोलनात होतं: बोली न लावणं. पुढे सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली (तेव्हा ते अजून 'सरदार' व्हायचे होते) आणि १८ ऑगस्टला झेंडे सिव्हिल लाईन्समधून गेले. स्वराज्य त्यानंतर चोवीस वर्षांनी आलं. त्या दिवशी मिळाला तो फक्त एक रस्ता.

त्या वर्षी नागपुरात कोणी "कोन गेलं?" विचारलं नसेल.

अधिवेशनातल्या मोर्चांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं, पण कारण वेगळं आहे. त्यांचे हाल जास्त म्हणून नव्हे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला बॅरिकेडपाशी मोर्चा अडतो, तेव्हा त्यांच्या हातात निवेदन असतं आणि ते घ्यायचं कोणी, हे ठरलेलं असतं. तो मंत्री आला की आला, नाही आला की नाही आला, सगळ्या मोर्चाला दिसतं. ते न घेण्याची किंमत या शहराला माहीत आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी बांधव दिवसभर थांबले, निवेदन घ्यायला मंत्री फिरकला नाही, संध्याकाळी लाठ्या आणि चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, बायका-लेकरं त्यात कितीतरी. त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो. आमच्या तीस मेणबत्त्यांची तुलना त्यांच्याशी तुम्ही केलीत, मी करणार नाही. लाज वाटते.

तुमचा मुख्य प्रश्न 'गोळी कमी सुटली का?' असा आहे. १५ फेब्रुवारी २००३ ला इराक युद्धाविरुद्ध जगभर लाखोंनी माणसं रस्त्यावर आली आणि २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडलेच. तो दिवस तुमच्या बाजूनं मांडा, मी हरकत घेत नाही. पण १५ ऑक्टोबर १९६९ पण बघा. व्हिएतनाम युद्ध थांबवा म्हणून अमेरिकेत गावोगाव लोकांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं, मेणबत्त्या लावल्या, मेलेल्या सैनिकांची नावं वाचली. राष्ट्राध्यक्ष निक्सननं आधीच सांगितलं होतं की माझ्यावर काडीचा परिणाम होणार नाही. लोक घरी गेले ते हेच समजून. प्रत्यक्षात निक्सननं उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरपर्यंतची मुदत देऊन मोठ्या हल्ल्याची गुप्त धमकी दिलेली होती. या निदर्शनांमुळे त्या धमकीत दम उरला नाही, असं त्यानं स्वतः पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हल्ला झाला नाही. युद्ध मात्र त्यानंतरही काही वर्षं चाललं, म्हणून मी याला विजय म्हणत नाही. न सुटलेली गोळी मोजायची कशी, एवढंच विचारते.

आणि १ नोव्हेंबर १९६१ च्या अमेरिकन बायका. अणुचाचण्यांच्या धुळीतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून पोरांच्या दातांत उतरतंय, हे कळल्यावर सुमारे पन्नास हजार जणी घराबाहेर पडल्या. विश्वशांती वगैरे त्यांच्याही तोंडी होतंच, पण पुढ्यात दुधाची बाटली होती. ५ ऑगस्ट १९६३ ला हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद करण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यामागे इतरही कारणं होती, पण दुधाची बाटली त्यात होती.

आता एक घरचं, कारण तुम्ही 'एसीत बसून शांती' असंही लिहिलंय. आमचे बाबा डिफेन्सला होते, लष्करासाठी दारूगोळा बनवणाऱ्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. माझी फी, लग्न, दाताची तार, सगळं त्या पगारातून. चौकात जायच्या आधी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जा, पण रेनकोट घे." परतल्यावर विचारलं, "मग काय मागितलं?" ऑटोवाला आणि बाबा, दोघांनी एकाच संध्याकाळी एकच गोष्ट विचारली आणि मी दोन्हीकडे नापास.

म्हणून पुढच्या ६ ऑगस्टसाठी मागणी लिहून ठेवतेय. अण्वस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. भारतानं त्यावर सही केलेली नाही. का नाही, आणि कोणत्या अटीवर करू, हे आपल्या खासदारानं संसदेत विचारावं, एवढं एका पानाचं निवेदन. प्रत खासदारांच्या कार्यालयात द्यायची, पोच घ्यायची आणि पोचेचा फोटो इथं टाकायचा. मेणबत्त्या असतीलच, पण फलकावर मोठ्या अक्षरात खासदारांना विचारलेला प्रश्न असेल, सिग्नलच्या साठ सेकंदांत वाचून होईल असा.

मसुदा बाबा तपासताहेत. त्यांनी पहिल्याच ओळीतला 'मानवतेच्या कल्याणार्थ' खोडलाय. तुम्हालाही पाठवते, तुमची पेन्सिल त्यांच्यापेक्षा धारदार दिसते. आणि त्या दिवशी याल तर गाडी आणू नका. मेट्रोनं कस्तुरचंद पार्कला उतरा, तिथून चालत पाच मिनिटं.