माळ्यावर 40 सेंटिमीटर, आणि छताची भोकं तशीच

पट्टी 40 दाखवतेय, मान्य. माळ्यावरच्या कैचीला कागदी मोजपट्टी ठोकलीय, थंडी अडवायला फुंकून भरलेलं सेल्युलोज, म्हणजे कागदाचा कीस, बरोबर त्या रेघेपर्यंत आलंय, फोटो काढला, बिल दिलं, संपलं काम. आणि वर छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या एकूण एक खिळ्याच्या टोकाला बर्फाचं बोंड धरलंय. नवं इन्सुलेशन भरल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. दुपारी ऊन पडलं की बोंडं वितळतात, टपटप खाली पडतात, बेडरूमच्या छताला पिवळे डाग येतात. इन्सुलेशनवाल्याला फोन केला की उत्तर तयार: "छप्पर गळतंय, छपरवाल्याला बोलवा."

छप्पर नाही गळत हो. घरातली वाफ गळतेय. खालून वर.

खोलीत 21 अंश आणि 40 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, 7 अंशांच्या आसपास येतो. माळ्यावरचा लोखंडी खिळा उणे 12 वर बसलाय. त्याच्यापर्यंत घरातली हवा पोचली की त्यावर दहिवर धरणारच, त्याला छपरवाला काय करणार? खरा प्रश्न आहे की ती हवा तिथवर पोचली कुठून. त्यासाठी दोन्ही हातांनी सेल्युलोज बाजूला सारायचं आणि खाली बघायचं. दोन मिनिटांचं काम. फुकट आहे, म्हणूनच बहुतेक कुणी करत नाही.

खाली जे दिसतं ते बघून डोकं फिरतं. संडासाच्या व्हेंटचा 10 सेंटिमीटरचा पाइप, त्याच्यासाठी पाडलेलं भोक 15 सेंटिमीटरचं, भोवतीची फट उघडी. आतल्या भिंतींच्या वरच्या आडव्या लाकडात वायरींची भोकं, एकालाही फोम नाही, सीलंट नाही. जिप्सम बोर्ड आणि ते लाकूड यांच्यामधली बारीक फट प्रत्येक भिंतीच्या दोन्ही बाजूंनी अख्खी लांबीभर उघडी. आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे जुनी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, तशीच खाली ठेवलीय, आणि तिच्यावर बरोबर त्या भोकांच्या डोक्यावर काळे पट्टे आहेत. वर्षानुवर्षं घरातली हवा त्या लोकरीतून वर गेली आणि जाताना धूळ मागे ठेवून गेली, म्हणून ते पट्टे. गळती कुठे आहे हे घरानं स्वतः काळ्या शाईत लिहून दिलं होतं. या महाभागांनी ते वाचलं नाही, वरून 40 सेंटिमीटर फुंकून झाकून टाकलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आता ती भोकं बुजवायची तर आधी सगळं सेल्युलोज व्हॅक्यूमनं ओढून काढा. म्हणजे काढायचे पैसे वेगळे, पुन्हा भरायचे वेगळे. क्रम काय तो एकच आहे: आधी भोकं, मग लोकर. बोटभर रुंदीपर्यंतची फट स्प्रे फोमच्या नळीनं. त्याहून मोठं भोक असेल तर जिप्समचा किंवा कडक फोमचा तुकडा कापून बसवा आणि कडेनं फोम मारा. धुराड्याभोवती मात्र फोम अजिबात नाही. तिथे लाकूड आणि धुराडं यांच्यामध्ये 5 सेंटिमीटर मोकळी जागा लागते, ती पत्र्यानं झाका, पत्र्याच्या कडेला उच्च तापमानाचं सीलंट, आणि सेल्युलोज धुराड्याला टेकू नये म्हणून भोवती पत्र्याचं कुंपण. मध्यम आकाराच्या माळ्याला हे करायला एका माणसाचा एक दिवस, फार तर दोन. पण फोटोत दिसत नाही ना! जाडी फोटोत दिसते. बंद केलेलं भोक दिसत नाही.

"एवढ्याशा भोकानं काय होतंय" हे तर ऐकूनच रक्त उसळतं. 1.2 बाय 2.4 मीटरच्या अख्ख्या जिप्सम बोर्डातून, तो धड असेल तर, थंड प्रदेशातल्या पूर्ण हिवाळ्यात वाफेच्या रूपानं जेमतेम एक तृतीयांश लिटर पाणी झिरपतं. त्याच बोर्डाला साडेसहा चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे काडेपेटीच्या निम्म्याहून लहान भोक पाडा: हवेबरोबर 28 लिटरच्या आसपास पाणी वर जातं. तरी लोक वाफरोधक प्लास्टिकची जाडी किती यावर तास तास वाद घालतात आणि त्याच प्लास्टिकला स्विचच्या डब्यासाठी मूठभर भोक पाडून मोकळे होतात.

बरं, ते 40 सेंटिमीटर तरी खरे आहेत का? पिशवीवर तक्ता छापलेला असतो: अमुक आर-मूल्य (उष्णता अडवायची ताकद) हवं तर इतक्या क्षेत्रफळाला इतक्या पिशव्या, भरताना जाडी इतकी, बसल्यावर इतकी. मोजायच्या असतात पिशव्या. मशीनला हवा जास्त सोडली की तोच माल फुलतो, कमी पिशव्यांत पट्टी गाठली जाते, आणि काही महिन्यांत खाली बसतो तो बसतोच. रिकाम्या पिशव्या कुठे आहेत विचारलं तर "उचलून नेल्या". अर्थात.

पुढे वळचणीकडे सरका. छपराखालून थंड हवा आत यायची वाट सेल्युलोजनं गच्च बुजवलीय. प्रत्येक दोन वाशांमध्ये एक बॅफल लागतो, छपराच्या फळीखाली हवेला निदान अडीच सेंटिमीटर, जमल्यास पाच सेंटिमीटर जागा ठेवणारा, वळचणीपासून इन्सुलेशनच्या पातळीच्या वरपर्यंत. त्याच्या खालच्या तोंडाशी एक आडवा अडसर, नाहीतर वारा कडेची लोकर उडवून आत ढकलतो आणि छताची कड उघडी पडते. इथे बॅफल शून्य. माळ्याला हवा नाही, खालून वाफ येतेय, मग खिळ्यांना बोंडं नाही येणार तर काय मोगऱ्याच्या कळ्या येणार?

आणि बाथरूमचा पंखा. त्याची लवचीक नळी सेल्युलोजच्या आत गाडलेली सापडली. बाहेर कुठे जोडलेलीच नाही, तोंड आत, मस्तपैकी लोकरीच्या पोटात. रोज सकाळी गरम अंघोळीची सगळी वाफ थेट नव्या इन्सुलेशनला पाजली जातेय. ती नळी गुळगुळीत पत्र्याची हवी, तिच्यावर इन्सुलेशन हवं, बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा आणि तोंड छपरातून किंवा बाजूच्या भिंतीतून बाहेर. वळचणीच्या खाली सोडलं तरी चालत नाही, कारण तीच वाफ वळचणीच्या जाळीतून परत आत ओढली जाते. हेही कुणीतरी केलेलं असतंच आणि वर "बाहेर काढलंय की!" म्हणून मिरवत असतं.

माळ्यावर चढायचं झाकण राहिलं. प्लायवूडचा नुसता तुकडा. गॅस्केट नाही, वर काही नाही. गणित करून बघा: 100 चौरस मीटरचं छत, 99 वर आर-50, आणि 1 चौरस मीटरच्या झाकणावर आर-1. अख्ख्या छताची सरासरी आर-33 वर येते, म्हणजे एका टक्क्यानं एकतृतीयांश काम पाण्यात. आणि हे फक्त झाकणाच्या लाकडातून जाणाऱ्या उष्णतेचं, झाकणाच्या कडेनं जाणारी हवा तर हिशेबात धरलेलीच नाही. 10 सेंटिमीटर कडक फोमचे दोन थर झाकणाच्या पाठीवर चिकटवा, कडेला दाबली जाणारी रबरी पट्टी लावा, झाकण खाली ओढून धरणाऱ्या दोन कड्या बसवा. दुपारच्या चहाआधी होतं.

एका प्लायवूडच्या तुकड्यावर इतका थयथयाट करणाऱ्या माणसाला लोक घरी बोलवायला कचरतात, हे आता लक्षात आलंय. बाकीचे पाहुणे पडदे कसे छान आहेत म्हणतात, इथे स्विचच्या डब्यापाशी उदबत्ती धरून धूर कुठे वळतो ते बघणं चालू असतं. असो. विषय निघालाच आहे तर बाकीचंही ओकून टाकू.

खिडक्या! घर गार पडलं की आधी खिडक्या बदलायच्या, हा कुठला नवस आहे? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चांगली तिहेरी काचेची खिडकीसुद्धा आर-5 च्या आसपास रेंगाळते, आणि त्यात ओतलेल्या पैशाच्या छोट्याशा भागात सगळा माळा सील होऊन भरून झाला असता. वर नव्या खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटीत ग्लासवूल कोंबून ठेवतात. ग्लासवूल हवा अडवत नाही, गाळते. तिथे कमी फुगणारा फोम लागतो. जास्त फुगणारा मारला की चौकट वाकते आणि खिडकी बंद होत नाही, तेही पाहून झालंय.

भिंतीत 14 सेंटिमीटरच्या पोकळीत ग्लासवूलची आर-19 ची जाड गादी दाबून बसवायची आणि आर-19 मिळालं म्हणून खूष व्हायचं. दाबल्यावर ते आर-18 उरतं. फरक लहान आहे, पण ती गादी वायरींच्या पुढून तशीच सरकवली की मागे पोकळी राहते, आणि तो फरक लहान नाही. वायर आली की गादी जाडीत मधोमध फाडा, निम्मी वायरीच्या मागे, निम्मी पुढे. पाण्याचा पाइप आला की मात्र सगळी लोकर पाइपच्या मागे, बाहेरच्या बाजूला, पुढे काही नाही. उलट केलं की पाइप गोठून फुटतो.

बाहेरून 2.5 सेंटिमीटर फोम लावून "आता भिंत उबदार" म्हणणारे तर वेगळीच जमात. आतल्या पोकळीत आर-20, बाहेर आर-5, घरात 21 अंश, बाहेर उणे 10. पोकळी आणि फोम यांच्यामधल्या फळीचं तापमान येतं उणे 4. म्हणजे फळी थंडच राहिली, आणि आता तिला बाहेरच्या बाजूनं वाळायचीही सोय नाही. बाहेर आर-15 लावा, तीच फळी 3 अंशांच्या वर येते. फोम लावायचा तर पुरेसा लावा, नाहीतर लावू नका.

तळघरात काँक्रीटच्या भिंतीला टेकवून लाकडी सांगाडा, त्यात ग्लासवूल, वर प्लास्टिक. दोन वर्षांनी उघडा आणि वास घ्या. काँक्रीटला आधी कडक फोम चिकटवायचा, सांधे टेपनं बंद, मग पुढे काय हवं ते. आणि जोत्यावर, जिथे तळमजल्याच्या तुळया बाहेरच्या भिंतीला टेकतात, तिथले ग्लासवूलचे गुलाबी बोळे काढून बघा, मागे लाकडावर दव. तिथेही 5 सेंटिमीटर फोमचे तुकडे कापून चारी कडा फोमनं बंद कराव्या लागतात. गुडघे दुखतात, म्हणून कुणी करत नाही.

आणि हे सगळं ऐकून घेतल्यावर शेवटी येतं ते ब्रह्मवाक्य: "घराला श्वास घेऊ दिला पाहिजे." घराला फुप्फुसं नाहीत. श्वास माणसं घेतात, आणि त्यांच्यासाठी उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशनचं यंत्र असतं, जे ठरवलेली हवा ठरवलेल्या वाटेनं आत आणतं. तेही बसवतात काही लोक, हौसेनं. मग पहिल्या थंडीत जाळीतून जरा गार झुळूक लागली की जाळीवर कागद चिकटवतात, यंत्राचं बटण बंद करतात, आणि खिडक्यांना पाणी सुटलं की फोन करून विचारतात, काचा खराब लागल्या का.