गडाची उंची वाटेचा कस सांगत नाही

दर वर्षी जूनमधला पहिला पाऊस झाला की एक तक्ता मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतो. त्यात सह्याद्रीतले गड उंचीच्या क्रमाने मांडून प्रत्येकापुढे ‘सोपा’, ‘मध्यम’ किंवा ‘कठीण’ असा शेरा दिलेला असतो आणि खाली तीन वाक्ये असतात : गड जितका उंच तितका अवघड, रोज दहा हजार पावले चालणाऱ्याला ‘मध्यम’पर्यंतचे सगळे गड जमतात, आणि भटकंतीचा खरा हंगाम म्हणजे पावसाळाच. नवखी माणसे या तक्त्यावर विसंबून रविवारचा बेत ठरवतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी उंची. कळसूबाई 1,646 मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर, म्हणून तक्त्यात ‘कठीण’. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. पायथ्याचे बारी गावच मुळात उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ साधारण 800 मीटरचा उरतो, वाट मळलेली आहे आणि कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. दमछाक होते, तरी सावकाश चालणारा नवखा माणूसही शिखरावरच्या देवळापर्यंत पोहोचतो. याउलट प्रबळगडाशेजारचा कलावंतीण दुर्ग जेमतेम 700 मीटर उंच, म्हणून ‘सोपा’. त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांना दरीच्या बाजूने कठडा नाही आणि माथ्याजवळचा शेवटचा टप्पा हातापायांनी चढावा लागतो. ज्याला उंचीची भीती वाटते त्याच्यासाठी कलावंतीण कळसूबाईपेक्षा कितीतरी अवघड आहे.

त्याहून मोठी चूक अशी की, शेरा गडाला दिला आहे; तो द्यायला हवा वाटेला. हरिश्चंद्रगडच पाहा. पाचनईकडून निघालेला माणूस कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या काठाने दोन-तीन तासांत मंदिरापाशी येतो. या वाटेने मी दहा-बारा वर्षांची मुले आनंदाने चढताना पाहिली आहेत. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे यायचे तर खिंडीवरच्या कातळटप्प्यासह जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आणि कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढायचे झाल्यास कोकणकड्याला भिडलेल्या अरुंद घळीतून, सुट्या दगडधोंड्यांवरून, सराईत वाटाड्या आणि दोर बरोबर घेऊन अख्खा दिवस द्यावा लागतो. गड एकच, उंची तीच 1,424 मीटर, आणि तक्त्यात शेरा एकच : ‘मध्यम’. भीमाशंकरचेही तसेच. खांडसहून गणेश घाटाची वाट लांबची पण निर्धोक आहे, तर शिडी घाटाने अंतर वाचते आणि जीव टांगणीला लागतो. ‘भीमाशंकरला जातोय’ एवढ्या सांगण्यावरून घरच्यांना काहीच कळत नाही. घाटाचे नाव सांगायला हवे.

दहा हजार पावलांचे विधान दिसायला निरुपद्रवी आहे. रोजचे चालणे उत्तमच, परंतु सपाट रस्त्यावर चालताना पायांना उतरण्याची सवय होत नाही. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतात, त्यामुळे चढताना ठणठणीत असलेल्या माणसाचे पाय परतीच्या वाटेवर लटपटू लागतात. नाशिकजवळच्या हरिहरवर माझ्याबरोबर नियमित व्यायाम करणारे एक स्नेही होते. चढताना ते सर्वांच्या पुढे होते. उतरताना मात्र त्या उभ्या दगडी जिन्यावर, पायऱ्यांच्या कडांना कोरलेल्या खोबणींत दोन्ही हातांची बोटे रुतवून ते थांबले आणि पाऊल खाली टाकेनात. तोंड कातळाकडे करून एकेक पायरी पायानेच चाचपत आम्ही त्यांना खाली आणले. पुण्यातल्या माणसाने स्वतःचा अंदाज घ्यायचा असेल, तर आधी काही दिवस वेताळ टेकडी चढावी-उतरावी, मग आतकरवाडीतून सिंहगडचा सुमारे 600 मीटरचा चढ करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात ते नीट ऐकावे.

पावसाळ्याविषयी थोडेच लिहितो. हिरवाई खरीच, पण त्याच दिवसांत कातळावर शेवाळ धरते, धुक्यात वाट हरवते, ओढे तासाभरात फुगतात आणि नळीसारखी घळ तर पाण्याचीच वाट होते. आषाढात लोहगडाच्या पायऱ्या चालतील. हरिहरचा जिना गर्दीच्या रविवारी मुळीच नको. सोनकीने पिवळी झालेली पठारे सप्टेंबरअखेरीस भेटतात आणि दूरवरचे गड ओळखत बसायचे असेल तर डिसेंबरची सकाळ हवी.

तक्त्यात मनासाठी रकानाच नाही, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते. जिद्दीने पेटलेल्या दिवशी कोंदिवड्यातून कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीची खडी चढण घ्यावी. आठवडाभराच्या कामाने मन शिणले असेल, फारसे बोलावेसे वाटत नसेल, तर त्याच राजमाचीला लोणावळ्याहून जावे : पंधराएक किलोमीटरची, बहुतेक सपाट, झाडीतून जाणारी वाट आहे, आणि पायांना फार विचार करावा लागत नसल्याने मन मोकळे होत जाते. उधेवाडीत पोहोचल्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर उभे दिसतात. त्या दिवशी दोन्ही चढायलाच हवेत असे नाही. गावात जेवून, भैरवनाथाच्या देवळापाशी तासभर बसून त्याच वाटेने परत यावे.