काट्याकडे पाहायचं नाही

होळी जळली की नागपुरात कूलर निघतो. माळ्यावरून उतरतो, अंगणात उघडा होतो, जुन्या ताट्या फेकल्या जातात, नव्या खसच्या बसतात. टाकीच्या बुडाशी बसलेला पांढरा थर चमच्यानं खरवडला जातो, पंपाची जाळी जुन्या टूथब्रशनं घासली जाते. मग घरातला कर्ता पुरुष ताटीवरून उतरणारी धार बोटानं तपासतो, एक छिद्र बुजलेलं सापडलं तर काडीनं मोकळं करतो आणि म्हणतो, "आता कसं!" हवा कशी थंड करायची हे नागपूरकराला शिकवायची उर्वरित महाराष्ट्राची टाप नाही.

त्याच अंगणाबाहेर त्याची पिकअप उभी असते. तिच्या पोटातही एक कूलर असतो, इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर. त्याच्याकडे मात्र बघायचं काम नाही.

ज्यांची पिकअप अजून एकदाही तापलेली नाही, ज्यांनी भर मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून वाफ पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी हे चार शब्द. तुम्ही मागं राहिला आहात भाऊ. पण मनावर घेतलं तर एका मोसमात बाकीच्यांना गाठाल.

सुरुवात पाण्यापासून करा. शोरूमवाले कूलंट म्हणून जे हिरवं नाहीतर गुलाबी सरबत विकतात, ते घेऊ नका. आपल्याकडे बोअरवेल आहे. बोअरचं पाणी आपण पितो, म्हशी पितात, मग इंजिनाला काय धाड भरली? त्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतो म्हणतात. धरू द्या. होळीला कूलरच्या टाकीतून जो खरवडला तोच तो थर, फक्त इथं चमचा आत जात नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि वर धड झाकण असलं की ते मिश्रण १२० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही, आणि आतून गंजही धरत नाही. आपलं साधं पाणी सैल झाकणाखाली १०० लाच उकळतं. म्हणजे २० अंश आधी. कोणत्याही कामात आधी पोचलेलं बरं. आणि कोणी फारच आग्रह केला तर जुन्या हिरव्यात नवं गुलाबी ओता. दोघांचं पटलं नाही तर आत चिखल होतो, तो बाहेरून दिसत नाही.

झाकणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं आणि दाबामुळेच उकळी लांबते, प्रेशर कुकरसारखं. त्याची स्प्रिंग ढिली पडली, रबर चिरलं, तर नवं झाकण आणू नका. झाकणाखाली प्लॅस्टिकची एक पन्नी ठेवून आवळा. कळमन्याच्या मार्केटात अशी पन्नीवाली गाडी दहा पावलांवर एक सापडेल, तेव्हा लाजायचं कारण नाही. आणि रेडिएटर गळायला लागलाच तर त्यात हळद टाका. विनोद नाही, चांगले चांगले मिस्त्री टाकतात. हळद भोकापर्यंत जाते आणि भोक बुजवते. ज्या नळ्यांना भोक नाही त्याही बुजवते, कारण हळदीला कोण सांगणार? आठवडाभर गाडीतून तर्रीचा वास येतो तो वेगळाच.

आता गाडीचं तोंड. पिकअपची जाळी ही हवा आत यायला असते असा एक गैरसमज आहे. ती मुळात फ्लेक्स बांधायला असते. "भावी नगरसेवक" वाढदिवसाच्या शुभेच्छा देत हात जोडून बसला पाहिजे, तोही बरोबर रेडिएटरच्या समोर. त्याच्यावर लोखंडी गार्ड, गार्डवर चार हॅलोजन, मधोमध लिंबू-मिरची. एवढं करूनही जी हवा चोरपावलांनी आत शिरेल तिचा बंदोबस्त आपला विदर्भ करतो. नोव्हेंबरापासून जिनिंगच्या फेऱ्या मारल्या की कापसाचा भुरका रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांत, म्हणजे फिनांत अडकतो, त्यावर डिझेलची ओल, त्यावर रस्त्याची धूळ. मार्चमध्ये मी एकदा टॉर्च मारून पाहिलं तर एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बोटभर जाडीची राखाडी गादी भरली होती. हातानं ओढली तर कोपऱ्यापासून सोलून निघाली. एखाद्यानं घाबरून ती पंख्याच्या बाजूनं हवा मारून काढली असती. तुम्ही तसं करू नका. सरळ वॉशिंगवाल्याकडे न्या आणि पुढून पूर्ण प्रेशरनं पाणी मारायला सांगा. गादी आणखी आत बसते, अॅल्युमिनियमच्या फिना आडव्या झोपतात, आणि गाडी मात्र चकाचक दिसते.

पंख्याचंही तसंच. या पंख्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाचा एक क्लच असतो. तेल गळून गेलं की पंखा फिरतो, पण जोर लावत नाही. इंजिन कडक गरम असताना बंद करा आणि पातं हातानं फिरवून पाहा. जड फिरलं तर क्लच जिवंत आहे. जत्रेतल्या भिंगरीसारखं गरगरलं तर, बघा, किती छान फिरतंय!

मिस्त्रीकडे गेलात की तो पहिला सल्ला देईल थर्मोस्टॅट काढून टाकायचा. आमच्या मिस्त्रीचा सिद्धांत असा: "भाऊ, तो वॉल थंडीच्या देशासाठी असते. आपल्या नागपुरात त्याचं काय काम?" ऐकायला पटतं. हा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर इंजिनाला लवकर गरम होऊ देतो आणि मग त्याच गरमीवर धरून ठेवतो. तो काढला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन अर्धा रस्ता थंडच पडून राहतं, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं. म्हणजे थंडीत थंड आणि गर्मीत गरम. हवामानाशी एकरूप होणं म्हणतात ते हेच. मिस्त्रीनं काढलेला वॉल मी घरी आणला होता. पोरगा त्याच्याशी खेळला आठ दिवस.

बीएस-सिक्सवाल्यांना एक जास्तीचा सन्मान मिळतो, तो म्हणजे धुराड्यातली काजळीची गाळणी, डीपीएफ. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडीला मोकळ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. आपली गाडी कळमना, इतवारी, गांधीबाग, सक्करदरा, परत कळमना. पहिल्या-दुसऱ्या गियरच्या पलीकडे तिनं जग पाहिलेलं नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याच्यावर बालाजीचं स्टिकर बरोबर मापाचं येतं.

सर्व्हिस सेंटरचा अनुभवही घ्यायलाच हवा. नाव कोणाचं घेत नाही, एसीत बसलेला सल्लागार सगळीकडे सारखाच. तुम्ही म्हणायचं, पाणी कमी होते, खाली एक थेंब पडत नाही, मग जाते कुठं? त्यानं कॉम्प्युटरची वायर लावायची, दोन मिनिटं पडद्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "एरर कोड नाही सर. नॉर्मल आहे. तुमच्याकडे टेंपरेचरच जास्त आहे ना." जणू त्याचं सेंटर नागपुरात नसून महाबळेश्वरात आहे. ४५ अंश हे आमच्या गावाचं नेहमीचंच, त्यात काय नवीन! वर तो मॅन्युअल दाखवतो. त्यात कठीण परिस्थितीत गाडी चालवत असाल तर सर्व्हिस लवकर करा असं लिहिलेलं असतं. धूळ, ऊन, जादा भार, सारखं थांबणं-निघणं. वाचता वाचता वाटतं, अरे, हा माणूस आपल्याच गल्लीत राहून गेलाय! पण त्याचं पुस्तक आपण अगरबत्तीच्या पुड्यासोबत डिकीत ठेवलेलं असतं, त्याला काय माहीत.

खाली थेंब न पडता पाणी जातं कुठं, याचं उत्तर मला पुढं मिळालं. मे महिना होता, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस लागायला दोन दिवस बाकी. पवनीकडच्या एका डांगरवाडीतून टरबूज भरलं. गाडीचं पासिंग दीड टनाचं, माल अडीच टन. संध्याकाळच्या आत कळमन्यात जागा धरायची म्हणून दुपारी दोनला निघालो. सोबत गोलू. वैनगंगेच्या काठापासून भिवापूरपर्यंत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध होता. भिवापूर सोडलं आणि तो उठायला लागला.

"भाऊ, काटा वर चालला."

"तू काहून पाहून रायला बे तिकडं? रोड पाय."

इथं एक उपाय असतो, तो मात्र कोणाला सांगू नका. एसी बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि केबिनचा हीटर पूर्ण लावायचा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी गरमी ओढून घेतो आणि तेवढ्यात सावलीपर्यंत पोचता येतं. पण नागपूरच्या मे महिन्यात हीटर लावला हे उद्या पानठेल्यावर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? मी एसी एक नंबरानं वाढवला.

काटा लाल पट्टीला टेकला. उमरेड दिसेपर्यंत तिथंच राहिला. गोलू मागं वळून टरबुजांकडे बघत होता. हिशोब त्यालाही येत असावा. टरबुजात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणजे सव्वादोन हजार लिटर पाणी आम्ही मागं वाहत होतो आणि पुढं पाण्यावाचून इंजिन करपत होतं.

आणि मग चमत्कार झाला. काटा आपणहून खाली आला. लाल सोडली, मध्यावर आला, मध्याच्याही खाली गेला.

"थंडी झाली भाऊ!" गोलू म्हणाला.

"मंग! सांगून रायलो होतो ना तुले!"

तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं बोलतो. पाणी संपलं की तो कोरडा लटकतो आणि वाट्टेल ते सांगतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे ती चार किलोमीटरं माझ्या आयुष्यातली सर्वांत निश्चिंत ड्रायव्हिंग होती. मी गाणंही लावलं. मग इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, ताकद गेली, आणि गाडी एका पळसाखाली जाऊन थांबली. पळस एवढासा, त्याची सावली गाडीच्या बॉनेटलाही पुरत नव्हती.

पुढचं घाईनं करायचं असतं. बॉनेट उघडा आणि झाकणाला हात घाला. अर्धा तास थांबायचं, मग जाड फडकं घेऊन आधी थोडंसं फिरवायचं, हे भित्र्यांचं काम. गोलू भित्रा निघाला, म्हणून त्याचं तोंड शाबूत आहे. मी मात्र थोडी वाफ जाताच बाटलीतलं थंड पाणी इंजिनाच्या तापलेल्या हेडवर ओतलं. असा 'टण्ण' आवाज देवळातच ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ऑइलची पट्टी ओढून माझ्यापुढं धरली. त्यावर बदामी फेस होता.

"घ्या भाऊ, चहा."

हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधलं सील, आधीच गेलेलं होतं. पाणी खाली पडत नव्हतं, थोडं तेलात उतरत होतं आणि बाकीचं सायलेन्सरातून पांढरा धूर होऊन जात होतं. तो धूर मी रोज सकाळी पाहत होतो आणि बीएस-सिक्सचा धूर पांढराच असतो असं चारचौघांत सांगत होतो. हेड वाकलं, त्याला भेग गेली, म्हणजे फेसिंग करून, घासून सपाट करूनही भागणार नव्हतं. पिस्टन लायनरमध्ये घासले, बोरचं काम आलं. सत्तर हजारांच्या आत काही होत नाही, असं मिस्त्री म्हणाला आणि खाली पडलेली पन्नी उचलून मला परत दिली. कूलंटच्या डब्याचे हजारभर रुपये मात्र मी सलग तीन वर्षं वाचवले होते, ते कोणी माझ्याकडून हिरावून घेऊ शकत नाही.

टरबूज? ते रस्त्यावरच दुसऱ्या गाडीत पलटी केलं. फुटलेले आम्ही दोघांनी पळसाखाली बसून खाल्ले. गोड होते.

त्या रात्री घरी पोचायला अकरा वाजले. अंगात आग, डोक्यात आग. दार उघडलं तर कूलर नुसताच घरघरत होता, हवा भट्टीसारखी. ताट्यांना हात लावला, कोरड्या ठणठणीत. टाकी उघडून पाहिली, बुडाशी पाण्याचा थेंब नाही आणि आत पंप तसाच चालू. पोरगा समोर मोबाइल घेऊन लोळत होता. माझं डोकंच फिरलं.

"अबे, पाण्याबिगर पंप चालवते का कोणी? जळंल ना तो!"

तो उठला. जाता जाता अंगणाच्या फाटकाबाहेर नजर टाकली त्यानं, जिथं रोज पिकअप उभी असते.

"बाबा, गाडी कुठं हाय?"

"तू पाइप लाव आधी," मी म्हटलं.