डायपर उलटा लावणारा बाप

काल टीव्हीचा आवाज बंद करून अर्धा तास नुसत्या जाहिराती बघितल्या. (घरच्यांनी वेड्यात काढलं, चालायचंच.) आवाज गेला की हात दिसायला लागतात. बाईचा हात बाटलीवरून अलगद फिरतो, गालाला टेकतो, वस्तूला जेमतेम शिवतो. पुरुषाचा हात तीच वस्तू घट्ट धरतो, वापरतो. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात जाहिरातींचे ढीगभर फोटो शेजारी शेजारी मांडून हेच दाखवलं होतं. मला वाटलं होतं, एव्हाना ते जुनं झालं असेल.

पण माझा खरा राग हल्लीच्या ‘सुधारलेल्या’ जाहिरातींवर आहे. बाप बाळाला सांभाळतोय. छान! मग तो डायपर उलटा लावतो, पावडर स्वतःच्याच तोंडावर उडवून घेतो, बाळ भोकाड पसरतं आणि दारात आई. कपाळाला हात, ओठांवर हसू. “राहू दे, मी करते.” दोन सेकंदांत सगळं चकाचक. पुरुषांना मूर्ख दाखवतात म्हणून काहीजण चिडतात, पण जरा हिशोब मांडा ना. ज्याला जमत नाही त्याला पुन्हा कोण सांगणार? काम फिरून तिच्याकडेच, वर ‘तुझ्यासारखं कुणाला जमत नाही’ हे प्रशस्तिपत्रक.

ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत असले घातक साचे वापरायला बंदी आहे. तिथल्या नियमावलीत उदाहरणं दिलीत तीही हीच: पुरुष आहे म्हणून डायपर बदलता न येणं, बाई आहे म्हणून गाडी पार्क करता न येणं.

“समाजात आहे तेच दाखवतात” म्हणणाऱ्यांनी ‘सोप ऑपेरा’ हा शब्द आठवावा. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवरच्या दुपारच्या मालिकांचा खर्च साबण कंपन्या उचलायच्या. ऐकणारी गृहिणी, म्हणून साबण. आणि साबण खपायला हवा, म्हणून ती गृहिणीच राहिलेली बरी.

आमची लेक झाली तेव्हा डायपर मला लावता येत नव्हता. बायकोलाही नव्हता! पहिला आठवडा दोघंही उलटसुलट लावत होतो. तिचा चुकला की सगळे म्हणायचे, “आई आहेस ना, येईल हळूहळू.” माझा चुकला की हशा. कुणीतरी तर व्हिडिओही काढला. चार दिवसांत तिचा हात बसला. माझ्या हातातून मात्र दर वेळी कुणीतरी हसत हसत डायपर काढून घेत होतं, आणि खरं सांगतो, मीही तो परत मागितला नाही.