काय घेतलेलं, एवढंच तर विचारलं होतं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर (सांगली, दहावी ९८) गेला आठवडाभर जे चाललंय त्यानं माझं डोकं उठलंय. एका मित्राचा पुतण्या, २६ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. शनिवारी पार्टी करून आला आणि पहाटे छातीत कळ, दरदरून घाम, डावा हात जड. रूममेटनं ईनो पाजलं, मग अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, आणि उजाडल्यावर एकदाचं हॉस्पिटलला नेलं. वाचला बिचारा. पण ग्रुपवर तोपर्यंत निकाल लागलेला होता, कोविडची लस. दुसरा म्हणाला जिमची पावडर, तिसरा म्हणाला जागरण, एकीनं दृष्ट काढायला सांगितली. मी फक्त एवढंच लिहिलं की पार्टीत काय घेतलेलं का त्यानं, आणि घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगितलंय का.

झालं. "लंडनमध्ये बसून आमच्या पोरांना गर्दुल्ले ठरवू नको मर्दा." त्याला बारा जणांचे अंगठे. आमच्या पोरांना म्हणे! हे आमच्या म्हणजे कुणाच्या, आणि त्यातनं मला कधी वजा केलं ते कळलंच नाही.

बरं, आमच्या पोरांना हे असलं काही मिळतच नाही असं म्हणावं तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातनं एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) काढलं आणि तपास पार आपल्या कुपवाडपर्यंत आला, तेव्हा याच ग्रुपवर दोन दिवस त्याच बातम्या फिरत होत्या. तो माल काय गणपतीला प्रसाद म्हणून वाटायला बनवलेला? लसीचं म्हणाल तर आयसीएमआरनं ४७ हॉस्पिटलं धरून १८ ते ४५ वयाच्या धडधाकट लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, २०२३ ला छापून आला. त्यात लसीनं धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडमध्ये अ‍ॅडमिट झालेल्यांत, घराण्यात असं कुणी गेलं असेल तर, मरायच्या आधीच्या ४८ तासांत ढोसून प्यायलेल्यांत किंवा जबर व्यायाम केलेल्यांत, आणि नशा करणाऱ्यांत. मी ही लिंक टाकली. कुणी उघडली नाही. पण लगेच एकानं उलटी टाकली, की इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ साली कोकेननं १,११८ माणसं गेली, आधी तुमचं बघा.

आकडा खरा आहे. मला झोंबला पण. मी लिहिलं की आमच्याकडं मोजतात तरी. लिहून झाल्यावर बघितलं तर आमच्याकडं लिहिलं होतं. असो.

मुद्दा साधा आहे. कोकेन असो नाहीतर एमडी, शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, ठोके आणि बीपी चढतं, म्हणजे हृदयाला रक्त जास्त पाहिजे, आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. कोकेननं तर गुठळीही लवकर होते. नळ्या स्वच्छ असलेल्या तिशीतल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो तो असा. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात अटॅकचा धोका नेहमीच्या जवळजवळ २४ पट निघालेला. वर दारू असेल तर लिव्हरमध्ये दोन्ही मिळून कोकाएथिलीन नावाचं तिसरंच काहीतरी तयार होतं आणि ते जास्त वेळ टिकतं. आणि डॉक्टर विचारतात ते संस्कार तपासायला नाही हो, उपचार बदलतो म्हणून विचारतात. ठोके वाढलेले बघून एरवी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारी गोळी देतील, कोकेनमध्ये तो अंगाशी येऊ शकतो, तिथं आधी शांत करणारं औषध आणि नायट्रोग्लिसरीन देतात. म्हणजे पेशंट खोटं बोलला तर डॉक्टर अंधारात गोळी मारणार.

इथं ९९९ ला फोन केला तर अँब्युलन्सवाले सोफ्यावरच ईसीजी काढतात, काय घेतलं ते विचारतात, लिहून घेतात, पोलिसांना बोलवत बसत नाहीत. आपल्याकडं पोरगं सांगणार कसं? उशाशी आई, पायथ्याशी काका, डॉक्टर बाबांच्या ओळखीतले, आणि वर एमएलसी (मेडिको-लीगल केस) होईल, पोलीस येतील ही भीती. सिस्टिमच तशी आहे. हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसलं.

पुसलं कारण २०२२ चा डिसेंबर. ऑफिसची ख्रिसमस पार्टी, लिव्हरपूल स्ट्रीटजवळचा पब, बेसमेंटमधलं टॉयलेट. वय चाळीस. टीममधल्या पोरांनी विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं होतं याचंच बरं वाटलेलं, हे लिहायला लाज वाटते पण तसंच होतं. रात्री दोनला घरी हॅरोला छातीवर कुणीतरी बसल्यासारखं, कळ जबड्यापर्यंत. आणि मी, लंडनमधला शहाणा, काय केलं? ओवा चावला. वर गरम पाणी. पाऊण तास गॅस धरला म्हणून येरझाऱ्या घातल्या, मग ९९९.

ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, डॉक्टर आली ती आपलीच, माझ्याहून लहान, आडनाव वाचून मराठीत म्हणाली, "कुठले तुम्ही?" सांगली म्हटल्यावर हसली, तिची आत्या मिरजेला. मग नेहमीचे प्रश्न, आणि त्यातच, "काही ड्रग्ज वगैरे?"

"छे छे, अजिबात नाही."

इथं कोण पोलीस येणार होते? ना आई उशाशी, ना काका. तिनं परत एकदा विचारलं, मी परत नाही म्हटलं. तासाभरानं गोरी नर्स ट्रोपोनिनचं (हृदयाला इजा झालीय का ते कळतं त्यातनं) दुसरं रक्त घ्यायला आली, तिला सगळं सांगून टाकलं, किती, कधी, वाइन किती. ती नुसतं "थँक्यू, लव्ह" म्हणाली आणि लिहून घेतलं. दुपारपर्यंत ठेवून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आले, सोडलं. जाताना ती डॉक्टर परत दिसली, तिनं ते वाचलेलं असणारच. "काळजी घ्या" म्हणाली, मराठीतच. मी खाली बघत होतो.

बायकोला अ‍ॅसिडिटी सांगितलंय. तेव्हापासून घरात लोणचं बंद आहे.

काल रात्री त्या मित्राचा, मर्दा म्हणणाऱ्याचाच, फोन आला. आवाज खाली. पोरानं कबूल केलंय म्हणाला, एमडी होतं, डॉक्टरांना सांगितलं, ग्रुपवर बोलू नको. मग जरा थांबून म्हणाला, "तुला बरं रे एवढं सगळं माहिती?"

बायको शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वाचलेलं कुठंतरी," म्हटलं.