पेपर दहाला, आणि साडेनऊला लॅबमध्ये पेनड्राइव्हची धावपळ!

सेफ एक्झाम ब्राउझर, म्हणजे परीक्षेत पेपर सोडून दुसरं काही उघडू न देणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, हे दर परीक्षेला नव्याने कळतं का? पासवर्ड ज्यांच्याकडे, ते रजेवर. अर्ध्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती, अर्ध्यांवर नवी. ज्या मूडल साइटवर पेपर असतो, तिथे टाकलेली ब्राउझर एक्झाम की (ब्राउझर योग्य आहे का हे तपासणारा कोड) आवृत्तीगणिक बदलते, मग निम्म्या मुलांना पेपर उघडणार कसा? फक्त सेटिंग तपासणारी कॉन्फिग की वापरा ना, ती आवृत्तीवर अवलंबून नसते!

सुट्टीभर कपाटात पडलेल्या लॅपटॉपची घड्याळ चालवणारी छोटी बॅटरी मेलेली, तारीख कधीचीच मागे गेलेली. मग साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट चालत नाही, पान उघडत नाही, आणि ओरडा मात्र मुलांना!

सगळ्यात संताप येतो तो मराठी-कोकणीच्या पेपरला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउट (कोणत्या भाषेत टाइप होतंय ते) दाखवायचा पर्याय चालूच केलेला नसतो. आत गेलं की विंडोजचा टास्कबार गायब. भाषा बदलायची कुठून? पोर इंग्रजी अक्षरांकडे बघत बसतं आणि वर घड्याळ पळतंय. एक टिकमार्क, बाबांनो!

वायफायचंही तेच. गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात पावसात वीज जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटरला यूपीएस नाही. आणि वायफायचं बटण ब्राउझरच्या आत दिलेलं नसेल तर वीज आल्यावर पुन्हा जोडायचं कसं? बाहेर पडायचा पासवर्ड पर्यवेक्षकांना दिलेला नसतो, मग पॉवर बटण दाबून लॅपटॉप बंद!

आठवडाभर आधी, त्याच लॅपटॉपवर, ब्राउझरच्या त्याच सेटिंग फाइलने एक सराव पेपर घ्यायला काय जातं?