जेवायला बसायचं की ओरडायला?

काल बाबांचा वाढदिवस होता. आम्ही सहाजण बाहेर जेवायला गेलो आणि दीड तास बसलो. त्या दीड तासात बाबा तीनच गोष्टी बोलले. "हं." "छान आहे." आणि शेवटी, "निघायचं का?" घरी एकदा बोलायला लागले की थांबवावं लागतं असा माणूस आपल्याच वाढदिवसाच्या जेवणात भिंतीकडे बघत बसला होता, कारण समोरच्या खुर्चीतल्या मुलीचं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हतं. मी ती मुलगी. घसा बसलाय माझा आज.

आमच्या टेबलाच्या बरोबर वर स्पीकर होता. वेटरला सांगितलं, जरा आवाज कमी करा. त्याला ते ऐकू यायला मला दोनदा ओरडावं लागलं. तो बिचारा म्हणाला, आमच्या हातात नसतं. मॅनेजरला बोलावलं. त्याने हसून सांगितलं, "मॅडम, लोकांना एनर्जी आवडते." मग उपकार केल्यासारखा आवाज थोडा खाली आणला आणि पाच मिनिटांत पुन्हा होता तिथे. कुठल्या लोकांना आवडते? शेजारच्या टेबलावरचे लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलत होते. माझी चौदा वर्षांची भाची शेवटी मोबाइलवर टाइप करून आजोबांना दाखवत होती. समोरासमोर बसलेली आजोबा-नात! हिचे कान तर ठणठणीत आहेत ना? तिलाही काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा "तरुणांना असंच हवं असतं" हे मला कुणी ऐकवू नका.

आणि हे एकाच ठिकाणचं असतं तर मी गप्प बसले असते. गेल्या काही वर्षांत शहरात नवीन उघडलेलं जवळजवळ प्रत्येक हॉटेल याच साच्यातून काढलंय. उघडं सिमेंट, काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी. छताला फॉल्स सीलिंग नाही, वरचे पाइप तसेच दिसले पाहिजेत. टेबलावर कापड नाही, खिडकीला पडदा नाही, खुर्चीला गादी नाही. फोटोत सुरेख दिसतं. पण आवाज शोषून घेईल अशी एकही वस्तू त्या खोलीत ठेवलेली नसते. चमचा पडला तरी तो आवाज चार भिंतींवर आपटत फिरत राहतो.

हे आत्ता कुणाला नव्याने कळलंय असंही नाही. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात वक्त्याचं बोलणं कुणाला समजेना, म्हणून वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला तो घोळ निस्तरायला सांगितलं. एक शब्द उच्चारला की तो विरायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागत होता. या माणसाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, सभागृहात थोड्या थोड्या करून मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून त्याने सूत्र मांडलं: खोली जितकी मोठी आणि त्यात आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या कमी, तितका आवाज जास्त वेळ घुमणार. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. सजावटीवर एवढा पैसा ओतणाऱ्यांना त्यातलं काहीच माहीत नसेल? माहीत असतं. पर्वा नसते.

पुढचं तर आणखी संतापजनक. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने 1911 मध्ये याच्यावर लिहिलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. म्हणजे स्पीकर वाढला की एक टेबल मोठ्याने बोलायला लागतं, त्या गलक्यात आपलं ऐकू जावं म्हणून दुसरं टेबल आणखी मोठ्याने, आणि मग गाणं ऐकू येत नाही म्हणून मॅनेजर स्पीकर पुन्हा वाढवतो. ग्राहकच कलकलाट करतात असं वर आम्हालाच सुनावलं जातं. आगीत तेल कोण ओततंय?

बाबांना दोन्ही कानांत यंत्रं आहेत. "मग यंत्राचा आवाज वाढवा ना," असं सहज म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतो. स, श, त, फ यांसारखी व्यंजनं त्यातच येतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात, आणि "साठ" की "पाठ" ते कळत नाही. शांत खोलीत ओठांकडे बघून, संदर्भावरून माणूस जुळवून घेतो. गोंगाटात तेही जमत नाही, कारण यंत्र आपल्या बोलण्याबरोबर ताटल्यांचा खणखणाट आणि शेजारच्या टेबलाचं हसणंही वाढवून कानात ओततं. बाबांनी काल अर्ध्या जेवणात यंत्रं काढून खिशात ठेवली. डोकं दुखायला लागलं म्हणाले.

मी मोबाइलवर आवाज मोजला. 87, 88, मधेच 90 डेसिबल. मोबाइलचं माप काटेकोर नसतं, मान्य. पण साधं बोलणं 60 च्या आसपास असतं, आणि दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतली कामाच्या ठिकाणचं आरोग्य पाहणारी सरकारी संस्था 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास ही मर्यादा सांगते. 88 ला ती 4 तासांवर येते, 91 ला 2 तासांवर. आम्ही दीड तासात सुटलो. तो वेटर रोज किती तास तिथे उभा असतो? आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी आपल्याला ऐकवतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या विशीतल्या पोरांच्या कानांचं काय करताय तुम्ही? कारखान्यात असं असतं तर निदान कुणी कानात बोळे तरी दिले असते.

बरं, यात यांच्या स्वयंपाकाचं तरी भलं होतं का? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या गोंगाटात खाणाऱ्यांना पदार्थ कमी गोड आणि कमी खारट लागले. आत कुणीतरी जीव ओतून रांधतंय आणि बाहेर स्पीकर त्याची चव मारतोय. संगीताने धंदा वाढतो म्हणावं, तर मिलिमन या संशोधकाच्या 1986 च्या अभ्यासात, हॉटेलात संथ संगीत असताना लोक जास्त वेळ बसले आणि पेयांवर जास्त खर्च करून गेले. जलद संगीतात लवकर उठले. म्हणजे टेबल लवकर रिकामं व्हावं हाच हेतू असेल तर तो पूर्ण होतोय. मग तसं स्पष्ट दारावर लिहा: लवकर जेवा आणि निघा, म्हातारी माणसं आणू नका.

आणि मागतोय काय आम्ही? छताला आवाज शोषणारे पॅनेल लावा. पडदे लावा. खुर्च्यांच्या पायांना नमदा चिकटवा, म्हणजे प्रत्येक खुर्ची सरकताना किंचाळणार नाही. एक कोपरा स्पीकरशिवाय ठेवा. हे महाग वाटत असेल तर आवाजाचं बटण डावीकडे फिरवायला एक पैसा लागत नाही.

परत येताना गाडीत बाबांनी यंत्रं कानात घातली आणि बोलायला लागले. भाचीला तिच्या शाळेचं विचारलं, मला ऑफिसचं विचारलं, आपल्या लहानपणच्या वाढदिवसाची गोष्ट सांगितली. सगळं जे त्या टेबलावर व्हायला हवं होतं ते गाडीत, सिग्नलला थांबत, वीस मिनिटांत उरकलं. घरापाशी उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही जा गं. मी घरीच बरा."

आज सकाळपासून मी चार हॉटेलांना फोन करून एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे शांत टेबल मिळेल का? तिघांनी सांगितलं, "आमच्याकडे ॲम्बियन्स खूप छान आहे." चौथ्याला माझा प्रश्न ऐकूच आला नाही. मागे गाणं चालू होतं.